साठी न भरलेली इमारत

श्रोतेहो, नमस्कार.

23 एप्रिल 2017, रविवार. त्या रात्री दिल्लीच्या प्रगती मैदानावर पाडकामाची यंत्रं शिरली आणि सोमवारी उजाडेपर्यंत 'हॉल ऑफ नेशन्स' हे प्रदर्शनाचं प्रचंड दालन जमीनदोस्त झालं होतं. दालनाचं वय होतं पंचेचाळीस. ते वाचावं म्हणून देशातल्या आणि परदेशातल्या वास्तुरचनाकारांनी पत्रं लिहिली होती, दिल्ली उच्च न्यायालयातही दाद मागून झाली होती. पण वारसा समितीपुढे प्रश्न आला तेव्हा उत्तर मिळालं की साठ वर्षं पूर्ण केलेल्या इमारतींचाच वारसा म्हणून विचार होईल. पंधरा वर्षं कमी पडली.

आज मला या दालनाबद्दल बोलायचं आहे, आणि त्याहीपेक्षा ते ज्या मैदानावर उभं होतं त्या मैदानाबद्दल. तुम्ही म्हणाल, दिल्लीतल्या मैदानाशी वाशी-बेलापूर-ठाण्याच्या माणसाला काय करायचंय? करायचंय. त्या मैदानावर एकेकाळी शेतीची मोठी जत्रा भरली होती, ती जत्रा भरवणारा माणूस आपल्या अमरावती जिल्ह्यातला होता आणि त्या मैदानावर इमारती उभारणाऱ्या मंडळींनी पुढे आपल्या नवी मुंबईतही बांधकामं केली आहेत.

डॉक्टर पंजाबराव देशमुख. विदर्भात आजही नुसतं 'भाऊसाहेब' म्हटलं की पुरतं. जन्म 27 डिसेंबर 1898, गाव पापळ. विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन आयुष्य घातलं ते कुणब्यांच्या पोरांच्या शाळांसाठी आणि शेतकऱ्यांच्या कर्जाच्या प्रश्नासाठी. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठीच्या सत्याग्रहातही ते पुढे होते. 1952 ते 1962 ही दहा वर्षं ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी दिल्लीत जगभरच्या शेतीचं प्रदर्शन भरवलं होतं, हे मात्र विदर्भाबाहेर फारसं कुणाच्या लक्षात नाही. विदर्भातही किती जणांच्या असेल, मला शंका आहे.

1955 मध्ये त्यांनी भारत कृषक समाज ही संघटना काढली. शेतकऱ्याची देशपातळीवरची संघटना हवी, ती कोणत्या एका पिकाची किंवा एका प्रांताची नको, ही त्यांची धारणा. या संघटनेच्याच पुढाकारानं 1959च्या डिसेंबरात नवी दिल्लीत मथुरा रोडलगतच्या याच मैदानावर जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. 11 डिसेंबरला उद्घाटन झालं. त्या वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर भारताच्या दौऱ्यावर होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि ते, दोघांचीही भाषणं त्या समारंभात झाली. कल्पना करा, पापळसारख्या गावातून आलेल्या माणसानं योजलेल्या शेतकी प्रदर्शनाला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हजर!

आता राष्ट्राध्यक्ष शेतीच्या प्रेमापोटी आला होता असं मात्र समजू नका. शीतयुद्धाचे दिवस होते. कोणत्या देशाचा मंडप मोठा, कुणाची यंत्रं जास्त चकचकीत, यावर भारतीय शेतकऱ्याचं मन कुणीकडे झुकेल याचे हिशेब चालत. अमेरिकेनं आपल्या मंडपाला नाव दिलं होतं 'मेला यूएसए'. अन्न, कुटुंब, मैत्री आणि स्वातंत्र्य हे चार शब्द त्याचं सूत्र. सोनेरी घुमटांचा तो मंडप मिनोरू यामासाकी या वास्तुरचनाकारानं आखला होता. पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे त्यानंच आखले. ते मनोरे कसे पडले हे जगानं पाहिलं. दिल्लीतले घुमट प्रदर्शनानंतर कधी उतरले, याची मात्र कुणी फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

जत्रेचा स्वभावच तसा असतो. मांडव पडतो, माणसं येतात, मांडव निघतो. शेतकी प्रदर्शनाचं मोजमाप मांडवावरून करायचं नसतं, तिथून माणूस घरी काय घेऊन गेला त्यावरून करायचं असतं. आणि याबाबतीत भाऊसाहेबांचा हात चांगला बसलेला होता. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या भातशेतकऱ्यांना 'जपानी पद्धत' हा शब्द आठवत असेल. पन्नासच्या दशकात ही पद्धत देशभर पोचवण्याची मोहीम त्यांच्याच खात्यानं चालवली, आणि तिचे सुरुवातीचे प्रयोग तर इथेच झाले, बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात. आपल्याकडे रोपासाठी राब भाजायची पद्धत. शेण, पालापाचोळा, कवळं टाकून जमीन भाजायची, त्यावर बी फेकायचं, आणि मग लावणीला हाताला येतील तितक्या काड्यांचा चूड चिखलात खोचायचा. जपानी पद्धतीत गादीवाफ्यावर विरळ बी टाकायचं, रोप जोमदार करायचं, दोरी धरून ओळीत मोजकी रोपं लावायची, मधून कोळपणी करायची आणि खत भरपूर घालायचं. ऐकायला साधं वाटतं. पण पाऊस डोक्यावर असताना, मजूर मिळत नसताना, दोरी धरून लावणी करा म्हटलं की शेतकरी हसणारच. हसलेही. तरी त्यातलं जे पटलं ते काहींनी उचललं. काहींनी राब सोडला नाही पण ओळीतली लावणी घेतली. प्रचार असाच अर्धामुर्धा रुजतो, आणि माझ्या मते त्यात काही गैर नाही.

तर त्या प्रदर्शनासाठी टपाल खात्यानं 15 नव्या पैशांचं तिकीट काढलं, 30 डिसेंबर 1959 रोजी. तिकिटावर शेतकरी आहे. हे लक्षात ठेवा, या तिकिटांकडे मी पुन्हा येणार आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या वेळी केंद्रात अन्न आणि शेती खात्याची मुख्य धुरा होती स. का. पाटलांकडे, मुंबईच्या राजकारणातल्या बड्या प्रस्थाकडे. म्हणजे प्रदर्शनाच्या वेळी शेतीच्या खात्यात दोन मराठी माणसं होती. प्रदर्शनाला पाच महिने होतात न होतात तोच, 4 मे 1960 रोजी, पाटलांनी वॉशिंग्टनला आयसेनहॉवर यांच्यासोबत धान्याचा करार केला. चार वर्षांत 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ. हाच तो अमेरिकेच्या पीएल-480 या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेला लाल गहू, ज्याची आठवण रेशनच्या रांगेत उभी राहिलेली पिढी अजून काढते. दिल्लीच्या मैदानावर शेतीत जग किती पुढे गेलंय ते आपण बघत होतो आणि बंदरात जहाजं येत होती ती गव्हाची. ज्या देशाला शेतीचं प्रदर्शन सगळ्यात निकडीचं होतं, त्यानंच ते भरवलं, असं म्हणायला हरकत नाही.

कृषी प्रदर्शन संपलं, पण मैदान प्रदर्शनाचं ते प्रदर्शनाचंच राहिलं. त्याच्या आधी 1958 मध्येही दिल्लीत मोठं प्रदर्शन झालं होतं, तिथे एका तरुण वास्तुरचनाकारानं हातमागाचं दालन केलं होतं. उन्हात वाळवलेल्या विटांच्या भिंती आणि वर हातमागाच्या कापडाची छत्रं. नाव, चार्ल्स कोरिया. 1961च्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनीच हिंदुस्तान लिव्हरसाठी चुरगळलेल्या कागदासारखं दिसणारं काँक्रीटचं दालन उभं केलं. त्याची आकडेमोड करणारे इंजिनिअर होते महेंद्र राज. दोन्ही दालनं तात्पुरती होती, दोन्ही आज नाहीत. कोरिया पुढे काय करणार होते हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. खाडीपलीकडे नवं शहर वसवा ही कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक, बाकीचे दोघे शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीचे पहिले मुख्य वास्तुरचनाकार कोरियाच, आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेजही त्यांचंच.

मग आलं 1972. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती आणि तिसरा आशियाई व्यापार मेळा दिल्लीत भरणार होता. पहिला बँकॉकला झाला होता, दुसरा तेहरानला. या वेळी सरकारनं ठरवलं की मांडव नको, कायमचं दालन हवं. रचनेची स्पर्धा झाली, ती राज रेवल यांनी जिंकली, आणि इंजिनिअर म्हणून पुन्हा महेंद्र राज आले.

आता जरा या दालनाच्या अंगाकडे बघू. मी स्वतः सेंट्रिंगच्या कामावर उमेदीची वर्षं घालवली आहेत, त्यामुळे इथे माझी गाडी थोडी रेंगाळेल, सांभाळून घ्या.

प्रदर्शनाच्या दालनाला मधे खांब चालत नाहीत. आज तिथे पुस्तकं असतात, उद्या बुलडोझर येतो. हॉल ऑफ नेशन्समध्ये साधारण 78 मीटर रुंदीत एकही खांब नव्हता. लोकलचे चार डबे एकापुढे एक लावले तर जेवढी लांबी होते त्याहून थोडंसं कमी, आणि एवढ्या सगळ्यावर छप्पर, मधे आधार काही नाही. असं छप्पर करायची रीत जगभर ठरलेली होती. पोलादी नळ्या कारखान्यात कापायच्या, गोल सांध्यांमध्ये अडकवायच्या आणि त्रिकोणांची जाळी विणत जायची. त्रिकोणच का? चौकोनी चौकट एका कोपऱ्यात दाबली की तिरकी होते, त्रिकोण होत नाही. वजन एका ठिकाणी पडलं तरी जाळीतून ते चहूकडे वाटलं जातं.

पण आपल्याकडे 1971 मध्ये पोलादाची चणचण होती, आणि असल्या नळ्या नि सांधे म्हणजे खर्च आणि परदेशाकडे तोंड. होतं काय? सिमेंट, वाळू, खडी, थोड्या सळया आणि माणसं. रेवल आणि राज यांनी ठरवलं की हीच जाळी काँक्रीटची करू, तीही जागेवर ओतून. एवढ्या पल्ल्याची काँक्रीटची त्रिमित जाळी तोवर जगात कुणी केलेली नव्हती.

सेंट्रिंगवाल्यांना विचारा याचा अर्थ काय होतो. घराची बीम आडवी असते, कॉलम उभा असतो, फळ्या ठोकल्या की काम झालं. इथे प्रत्येक दांडा तिरका. एका सांध्याला सगळीकडून दांडे येऊन भिडणार, प्रत्येकाच्या सळया त्या एवढ्याशा जागेत एकमेकींना चुकवत आत शिरणार, वर त्यात काँक्रीट पोकळी न राहता बसलं पाहिजे. एक सांधा कच्चा राहिला की त्याचा भार शेजारच्यांवर. आणि हे सगळं घमेल्यानं! मजूर बायाबापे डोक्यावर घमेली घेऊन परांचीवर चढत होते, काँक्रीट हातानं ओतलं जात होतं. अशा हातकामातून जगातली पहिली वस्तू उभी राहिली. बघणाऱ्याला ती मोठ्या जाळीदार पिरॅमिडसारखी दिसे, वरचा शेंडा कापलेल्या. जाळीची जाडीच इतकी की दिल्लीचं ऊन परस्पर अडे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, महालांत दगडी जाळ्या करतात ते काम इथे इमारतीचा सांगाडाच करत होता. वरून काही चिकटवलेलं नव्हतं.

3 नोव्हेंबर 1972 रोजी इंदिरा गांधींनी या मेळ्याचं, 'एशिया 72'चं, उद्घाटन केलं.

तारीख ऐकली? महाराष्ट्रात त्या वेळी काय चाललं होतं? बहात्तरचा दुष्काळ. मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगलीकडची माणसं गाव सोडून दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. पोटात सुकडी आणि रेशनची मिलो ज्वारी. आपल्या ठाण्या-मुंबईत त्या वर्षी आलेल्या आणि मग इथलेच झालेल्या कितीतरी कुटुंबांची कहाणी तिथून सुरू होते. दिल्लीत डोक्यावर घमेलं घेऊन दालन उभारणारे आणि इकडे पाझर तलावावर डोक्यावर घमेलं घेऊन उभे असणारे, दोघांनाही देशाच्या पंचविशीच्या सोहळ्याचं आमंत्रण नव्हतं. दालनाची थोरवी यामुळे कमी होत नाही, पण बहात्तर म्हटलं की मराठी माणसाच्या मनात आधी काय येतं ते सांगायला हवं.

एशिया 72 वरही टपाल तिकिटं निघाली. त्यांच्यावर शेतकरी नाही. पुढे 1977 मध्ये दिल्लीत 'ॲग्री एक्स्पो' भरला तेव्हा शेतीचं तिकीट परत निघालं, 25 पैशांचं. त्यानंतर मैदानाचा कल ठरून गेला. 1980 पासून दरवर्षी 14 नोव्हेंबरला व्यापार मेळा सुरू होऊ लागला, त्यात राज्यांची दालनं, आपल्या महाराष्ट्राच्या दालनात पैठणी, कोल्हापुरी. मोटारींचं प्रदर्शन आलं, जागतिक पुस्तक मेळा आला. दिल्लीतल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना प्रगती मैदान म्हणजे पुस्तकांच्या पिशव्या आणि भेळेसारखं काहीतरी खाणं एवढं पक्कं आठवतं. शेती त्या मैदानातून कुणी हाकलली नाही. ती हळूहळू कडेला सरकत गेली.

म्हणून 2017 मध्ये दालन पाडायची वेळ आली तेव्हा त्याच्या बाजूनं बोलायला आले ते वास्तुरचनाकार, इंजिनिअर, कलेचे अभ्यासक. त्यांनी जीव तोडून प्रयत्न केले, त्याबद्दल आदरच आहे. पण या मैदानावर शेतकऱ्यांची जत्रा भरली होती, असं म्हणत कुणी शेतकरी संघटना तिथे गेली नाही. जाणार कशी? त्या जत्रेची एक वीट तिथे शिल्लक नव्हती. आणि दालनाला लागलेली साठ वर्षांची पट्टी त्या जत्रेला लावली असती तरी 1959 पासून 2017 पर्यंत अठ्ठावन्नच भरतात.

ही पट्टी मला मान्य नाही, हे स्पष्टच सांगतो. किल्ल्याचं, मंदिराचं वय मोजणं समजू शकतो. पण जी वस्तू जगात पहिली आहे ती बांधून झाली त्या दिवशीच पहिली होती, साठ वर्षं थांबून ती जास्त पहिली होत नाही. उलट अशा नियमानं काय होतं? मधल्या वयाची इमारत सगळ्यात असुरक्षित ठरते. नवी असते तेव्हा तिला कुणी हात लावत नाही, शंभरीची झाली की तिच्यावर फलक लागतो, आणि पंचेचाळिशीत ती नुसती जुनाट असते.

आता त्या जागी भारत मंडपम उभा आहे. जुलै 2023 मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि सप्टेंबरात तिथे जी-20 परिषद भरली. मोठ्या परिषदा भरवायला दिल्लीला आधुनिक जागा लागत होती, हे खरंच. एवढ्या मोठ्या मैदानात दोन्ही बसले असते, असं बऱ्याच जाणकारांचं म्हणणं होतं आणि माझंही आहे. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेवर प्रदर्शन भरवलं, त्यात हॉल ऑफ नेशन्सला मानाची जागा होती. ते प्रदर्शन चालू असतानाच, त्या मे महिन्यात, महेंद्र राज वारले.

आता आपल्या गावाकडे वळतो. सिडकोची स्थापना मार्च 1970ची. दिल्लीची ती पट्टी इथे लावून बघा. आखून वसवलेल्या नवी मुंबईतली एकही वास्तू 2030 पर्यंत साठीची होत नाही. कोरियांचं आर्टिस्ट व्हिलेज ऐंशीच्या दशकातलं. सिडकोसाठी रेवल यांनीही इथे अल्प उत्पन्न गटाची घरं केली, एकमेकांत गुंतलेल्या अंगणांची, 1990च्या आसपासची. हॉल ऑफ नेशन्सचा कर्ता आपल्या शहरातही घरं बांधून गेला आहे, हे कितीजणांना माहीत असतं? या शहरात पुनर्विकासाचं वारं आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर प्लास्टर पडतं त्यांनी नवं घर मागू नये असं मी कधीच म्हणणार नाही.

आणि शेतीचं म्हणाल तर आपल्याकडे तुर्भ्याचा बाजार आहे. मुंबईतला कांदा-बटाट्याचा बाजार 1981 मध्ये इकडे हलला, मसाला, धान्य, फळं, भाजी हे मागाहून आले. ज्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं ती आगरी-कोळ्यांची भातखाचरं आणि मिठागरं होती. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी 1984च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचे जीव गेले, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. शेतकऱ्याच्या मालासाठी बांधलेला बाजार शेतकऱ्याच्या जमिनीवर. त्या कांदा-बटाट्याच्या बाजाराची चाळिशी केव्हाच उलटली, धोकादायक इमारतींमध्ये त्याचं नाव घेतलं जातं, पुनर्विकासाची बोलणी होत असतात. पाडावा लागला तर पाडू दे. माथाड्यांनी जीव मुठीत धरून गोण्या का वाहाव्यात? पण पाडण्याआधी त्याचं मोजमाप घेऊन नकाशे काढा, गाळ्यागाळ्याचे फोटो घ्या, रात्री ट्रक कसे लागतात, लिलाव कसा होतो, शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पट्टी कशी लिहितात हे तिथल्या माणसांच्या तोंडून टेप करून ठेवा. याला खर्च किरकोळ येतो.

दिल्लीच्या 1959च्या प्रदर्शनाबाबत आपल्याकडे एवढंही झालेलं नाही. म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, गावात कुणी त्या कृषी प्रदर्शनाला दिल्लीला गेलं असेल, किंवा कुणी 72चा मेळा पाहिला असेल, तर त्यांना काय आठवतं ते लिहून आकाशवाणीच्या पत्त्यावर पाठवा. जपानी पद्धतीनं लावणी केलेले ठाणे-पालघरचे शेतकरी असतील तर त्यांनीही लिहावं. प्रदर्शनाचं तिकीट, छापील पत्रक, फोटो, काहीही चालेल. फक्त मूळ कागद टपालात टाकू नका, त्याची प्रत काढून पाठवा. नमस्कार.